होस्ट सर्व्हर बूट होतानाच कोसळतो तेव्हा: पहिली ओळ कशी पकडायची

व्हर्च्युअलायझेशन होस्ट, म्हणजे ज्या एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालतात तो, बूट होताना कोसळत असेल आणि तुम्ही त्याच्या पडद्यासमोर असाल, तर कीबोर्डला हात लावण्याआधी मोबाईल काढा. कॅमेरा स्लो मोशनवर ठेवा आणि पुढचं एक बूट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित करा. पडद्यावर शेवटी जे गोठून राहतं ती घटनेची शेपटी असते. खरं कारण त्याच्या तीस-चाळीस ओळी आधी येऊन वर निघून गेलेलं असतं. नवीन माणूस शेवटची ओळ वाचतो, तीच शोधतो, मिळतील ते दहा उपाय एकामागून एक करतो, आणि दोन तासांनी मूळ बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता हेच कळेनासं होतं. हे मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलंय. म्हणून हा लेख त्या निघून गेलेल्या पहिल्या ओळीबद्दल आहे.

उदाहरणं प्रॉक्समॉक्सची (डेबियन लिनक्सवर बांधलेली, व्हीएम चालवणारी प्रणाली) घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या लहान-मध्यम ऑफिसांत मला तोच जास्त दिसतो. डेबियनवर नुसतं केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) चालवत असाल तरी जवळजवळ सगळं लागू पडेल. आज्ञा आणि पॅरामीटर आपण एकमेकांना फोनवर सांगतो तसे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच इंग्रजी लिपीत आणि लहान अक्षरांत; मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. फोल्डर-फाईलच्या मार्गात तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ दिली आहे.

पायरी १: आधी बाकीच्यांना सावरा

होस्ट पडला म्हणजे त्याच्यावरची पंधरा-वीस व्हीएम पडली. टॅली, मेल, हजेरीचं मशीन, सगळं एकदम. फोन वाजायला लागतात आणि घाई होते. त्या घाईत सगळ्यात मोठं नुकसान कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) करत नाही, आपण करतो.

क्लस्टर (एकत्र जोडलेले होस्ट, त्यातला प्रत्येक म्हणजे नोड) असेल तर जिवंत असलेल्या नोडवर लॉगिन करून ‘पीव्हीईसीएम स्टेटस’ चालवा आणि कोरम (निम्म्याहून जास्त मतं) आहे का ते बघा. तीन नोडमधले दोन जिवंत असतील तर कोरम टिकतो. दोनच नोड असतील आणि तिसऱ्या मताची सोय केलेली नसेल, तर उरलेल्या नोडचाही कोरम जातो. त्याच्यावरची व्हीएम चालू राहतात, पण ‘ईटीसी-पीव्हीई’ फोल्डर फक्त वाचता येतं आणि नवीन व्हीएम सुरू करता येत नाही.

डिस्क शेअर्ड स्टोरेजवर असेल तर पडलेल्या नोडची व्हीएम दुसरीकडे उभी करता येते. पण एक अट पाळाच: पडलेल्या नोडची वीज आधी रिमोट मॅनेजमेंटमधून बंद करा आणि बंद झाल्याची खात्री करा. काळा पडदा म्हणजे मेलेला होस्ट असं नसतं. कधी फक्त नेटवर्क आणि पडदा गेलेला असतो आणि आत व्हीएम धडधडत असतात. तशा वेळी तीच व्हीएम तुम्ही दुसरीकडे सुरू केली, तर दोन मशीन एकाच डिस्कवर लिहायला लागतात. त्यानंतर प्रश्न बूटचा राहत नाही, बॅकअपचा होतो.

व्हीएमच्या डिस्क त्याच होस्टच्या आत असतील तर होस्ट उठेपर्यंत थांबणं किंवा बॅकअपवरून दुसरीकडे उभं करणं, एवढेच मार्ग आहेत. लोकांना तसं सांगून टाका. ‘पाच मिनिटांत होईल’ असं सांगू नका.

पायरी २: पडदा हातात घ्या

सर्व्हरमध्ये डेलचं आयड्रॅक, एचपीचं आयएलओ किंवा साधं आयपीएमआय असेल तर त्याच्या कन्सोलवर जा. तिथून बूटचा प्रत्येक क्षण घरबसल्या दिसतो. त्याचबरोबर त्याची इव्हेंट नोंदवही उघडा. आयपीएमआय असेल तर ‘आयपीएमआयटूल सेल लिस्ट’. रॅमची काडी, वीजपुरवठा, तापमान यांच्या तक्रारी तिथे ऑपरेटिंग सिस्टीमशिवायही नोंदल्या जातात. या नोंदवहीत काल रात्रीची ईसीसीची (रॅमने स्वतः पकडलेली) चूक दिसली तर पुढचा अर्धा लेख तुम्हाला लागणार नाही.

आता ग्रबचा (कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरचा) मेनू आणा. बायोसवर शिफ्ट दाबून ठेवा, यूईएफआयवर एस्केप. हव्या त्या नोंदीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणारी लांब ओळ शोधा आणि तिच्यातला ‘क्वायट’ हा शब्द खोडा. ओळीच्या शेवटी हे जोडा:

‘इग्नोर_लॉगलेव्हल’ म्हणजे कर्नलचा एकही संदेश दाबला जाणार नाही.

‘पॅनिक=०’ म्हणजे कर्नल कोसळल्यावर (यालाच पॅनिक म्हणतात) मशीन आपोआप रीबूट न होता तिथेच थांबेल.

‘पॉज_ऑन_ऊप्स=६००’ हे माझं सगळ्यात आवडतं. पहिला ऊप्स (कर्नलने छापलेला चुकीचा अहवाल) छापून झाला की कर्नल सगळे सीपीयू दिलेल्या सेकंदांपुरते थांबवतो. म्हणजे पहिली चूक दुसऱ्या, तिसऱ्या चुकीखाली गाडली जात नाही आणि तुम्हाला ती दहा मिनिटं शांतपणे वाचता येते. हा पॅरामीटर त्याच कामासाठी केलेला आहे, तरी फार थोड्या लोकांना माहीत असतो.

मग कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. म्हणून तो निर्धास्तपणे करा.

पूर्वी शिफ्ट आणि पेज-अप दाबून कन्सोल मागे सरकवता यायचा. कर्नल ५.९ पासून ती सोय काढून टाकली आहे, आणि पॅनिक झाल्यावर कीबोर्ड तसाही मेलेला असतो. म्हणून सीरियल कन्सोल असेल तर सोन्याहून पिवळं. त्याच ओळीत ‘कन्सोल=टीटीवाय०’ आणि त्याच्यामागे ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ (यातला ‘एस’ मोठा) जोडा आणि दुसऱ्या मशीनवरून ‘आयपीएमआयटूल’ने ‘सोल अ‍ॅक्टिव्हेट’ करा. काही सर्व्हरवर शून्याऐवजी ‘टीटीवायएस१’ लागतं. सगळा मजकूर तुमच्या टर्मिनलमध्ये येतो, मागे सरकवता येतो, कॉपी करता येतो. यातलं काहीच नसेल तर मोबाईलचा स्लो मोशन आहेच, आणि तो खरोखर चालतो. व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे न्यायचा, एकेक चौकट वाचायची.

पायरी ३: नक्की कुठे पडतो?

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात कर्नल सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात. तो आकडा आणि पडद्याचं रूप यावरून बिघाडाचं घर कळतं.

ग्रबपर्यंतच पोचत नसेल तर कर्नलचा संबंधच नाही. बूटलोडर किंवा डिस्क बघा. ‘लोडिंग इनिशियल रॅमडिस्क’ म्हणून पुढे काळोख झाला, तर ‘नोमोडसेट’ जोडून बघा. सर्व्हरमध्ये ग्राफिक्सची साधी चिप असते, बहुतेकदा अ‍ॅस्पीडची, आणि कधी कधी तिचा ड्रायव्हर पडदा घालवतो पण कर्नल मागे ठीक चाललेला असतो. पहिल्या दोन-चार सेकंदांत कोसळला तर संशय मायक्रोकोड (सीपीयूच्या आतला प्रोग्राम), एसीपीआय (हार्डवेअरची माहिती देणारी बायोसची व्यवस्था), आयओएमएमयू (कोणतं कार्ड रॅमचा कोणता भाग वापरेल ते ठरवणारी सोय) यांच्यावर. रूट डिस्क सापडत नाही म्हणून थांबला, किंवा ‘इनिट-रॅमएफएस’ (रूट डिस्क मिळेपर्यंत लागणारे ड्रायव्हर असलेली छोटी फाईल) असा प्रॉम्प्ट आला, तर स्टोरेज. सिस्टमडीचे (सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामचे) हिरवे ‘ओके’ दिसायला लागल्यावर पडला तर एखादा ड्रायव्हर किंवा सेवा. आणि लॉगिनचा प्रॉम्प्ट येऊन अर्ध्या मिनिटात पडला तर बिघाड बहुधा बूटचा नाहीच, व्हीएमचा आहे. त्याबद्दल पुढे.

पायरी ४: जुना कर्नल

ग्रबच्या मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि मागच्या आवृत्तीचा कर्नल निवडा. उत्तर कोणतंही येवो, माहिती मिळते.

जुना उठला तर नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्या इनिट-रॅमएफएसमध्ये दोष आहे. हार्डवेअर बहुतेक निर्दोष. लगेच ‘प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नल पिन’ आणि पुढे त्या जुन्या आवृत्तीचं पूर्ण नाव देऊन तो कायम करा, म्हणजे रात्री वीज गेली तरी सकाळी होस्ट त्याच कर्नलने उठेल. मग व्हीएम सुरू करा आणि चौकशी सावकाश करा.

जुनाही पडला तर दोन्ही कर्नलना समान असलेली गोष्ट शोधा: हार्डवेअर, बायोसची सेटिंग, कर्नलची कमांड लाइन, किंवा मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये कोणीतरी केलेला बदल. इथे एक बारकावा आहे. ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ला ‘-के ऑल’ जोडून चालवलं की चुकीचं कॉन्फिगरेशन सगळ्या कर्नलच्या इनिट-रॅमएफएसमध्ये जातं. म्हणून मॉडप्रोबमध्ये काही नवीन करून बघत असाल तेव्हा ‘-के ऑल’ वापरू नका. एक जुना कर्नल जसाच्या तसा राहू द्या.

पायरी ५: ऊप्स वाचायला शिका

पुष्कळ जण ऊप्स दिसला की डोळे मिटतात. तो भिण्यासारखा नसतो. ‘बग: अनेबल टू हँडल पेज फॉल्ट’ अशा ओळीने सुरुवात होते. तिच्याखाली तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, ‘टेंटेड’ या शब्दापुढची अक्षरं. ‘पी’ म्हणजे जीपीएल या खुल्या परवान्याखाली नसलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडलेला तुकडा, बहुधा ड्रायव्हर) आत आहे, ‘ओ’ म्हणजे कर्नलच्या मूळ झाडाबाहेर बांधलेलं मॉड्यूल. प्रॉक्समॉक्सवर झेडएफएस (डिस्क सांभाळणारी फाईल सिस्टीम) असल्यामुळे ही दोन अक्षरं नेहमीच दिसतात, त्यांना घाबरू नका. पण ‘एम’ दिसलं तर थांबा. ते मशीन चेक झाल्याची खूण आहे, म्हणजे हार्डवेअरने स्वतः तक्रार केली आहे. ‘डी’ असेल तर याआधी एक ऊप्स होऊन गेलेला आहे. तुम्ही वाचताय तो दुसरा किंवा तिसरा आहे, पहिला वर शोधा.

दुसरी, ‘आरआयपी’ची ओळ. तिथे फंक्शनचं नाव, अधिक चिन्ह, एक आकडा, तिरकी रेघ, दुसरा आकडा असं असतं. सीपीयू त्या फंक्शनच्या आत कुठे होता ते त्यातून कळतं. शेवटी चौकटी कंसात एखादं नाव असेल तर ते मॉड्यूलचं. तिथे ‘एमपीटी३सॅस’ दिसलं तर स्टोरेज कार्डाचा ड्रायव्हर, ‘आय४०ई’ दिसलं तर इंटेलचं नेटवर्क कार्ड. दहापैकी सात वेळा शोधायचा शब्द इथेच मिळतो.

तिसरी, ‘कॉल ट्रेस’. ही यादी खालून वर वाचायची, कारण आधी बोलावलेलं फंक्शन खाली असतं. ज्या नावाआधी प्रश्नचिन्ह आहे ते सोडून द्या, त्याच्याबद्दल कर्नललाही खात्री नसते.

आणि ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग’मधल्या ‘नॉट सिंकिंग’चा आणि तुमच्या क्लस्टरच्या किंवा बॅकअपच्या सिंकचा काही संबंध नाही. कर्नल एवढंच सांगतोय की या अवस्थेत मी डिस्कवर काही लिहून ठेवत नाहीये. शोधायचा मजकूर त्याच्यापुढचा आहे. तिथे ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’ आणि एक्झिट कोडच्या शेवटी ‘७एफ००’ असेल, तर इनिट (कर्नल सगळ्यात आधी सुरू करतो तो प्रोग्राम) १२७ देऊन बाहेर पडला आहे. म्हणजे त्याला लागणारी फाईल किंवा लायब्ररीच नाही. अर्धवट राहिलेल्या अपग्रेडनंतर हे दिसतं.

होस्टवर नेहमी भेटणारे बिघाड

*रूट सापडत नाही.* ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’ आणि पुढे कंसात आकडे. कंसात ०,० असेल तर कर्नलला एकही उपयोगी डिस्क दिसलेली नाही, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण म्हणजे इनिट-रॅमएफएस त्याच्याबरोबर आलेलीच नाही. डिस्क तपासायला धावू नका.

हा माझ्या एका ग्राहकाकडचा प्रसंग. शनिवारी यूपीएसचं काम होतं म्हणून होस्ट रीतसर बंद केला, आणि संध्याकाळी तो उठेना. पडद्यावर हीच ओळ. तिथल्या माणसाने रेड (आरएआयडी, म्हणजे डिस्क जोडणारं) कार्ड काढून परत बसवलं होतं, केबल बदलल्या होत्या. मी जुना कर्नल निवडायला सांगितलं, आणि होस्ट उठला. मग ‘व्हार-लॉग-एपीटी’मधली ‘टर्म.लॉग’ फाईल उघडली. तीन आठवड्यांपूर्वीच्या अपडेटच्या मधोमध एक ओळ होती: नेटवर्क कार्डासाठी बाहेरून टाकलेला डीकेएमएस ड्रायव्हर (प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधला जाणारा) नव्या कर्नलसाठी बांधता आला नाही. डेबियनमध्ये कर्नल बसल्यानंतरच्या स्क्रिप्ट नावांच्या क्रमाने चालतात. ‘डीकेएमएस’ आधी, ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’ नंतर. पहिली फसली की पुढची चालतच नाही. कर्नल अर्धवट बसला, इनिट-रॅमएफएस बनलीच नाही, पुढे दुसऱ्या कुठल्या पॅकेजने ग्रबचा मेनू ताजा केला आणि हा अर्धवट कर्नल यादीत सगळ्यात वर जाऊन बसला. पहिली ओळ तीन आठवडे त्या फाईलमध्ये पडून होती.

उपाय सोपा होता: डीकेएमएसचं जुनं मॉड्यूल काढलं, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवलं आणि इनिट-रॅमएफएस बनल्याची खात्री ‘बूट’ फोल्डर उघडून केली. प्रत्येक कर्नलच्या फाईलला जोडीची इनिट फाईल हवी, आणि ती साधारण शेजारच्या जुन्या फाईलइतकी मोठी हवी. याच जागी दुसरं कारण भेटतं ते म्हणजे जागा संपणं. जुन्या इन्स्टॉलेशनवर ईएफआय विभाजन ५१२ एमबीचं असतं. पाच-सहा कर्नल साठले की ते भरतं आणि नवी फाईल अर्धीच लिहिली जाते.

*व्हीएफआयओने चुकीचं कार्ड घेतलं.* व्हीएफआयओ म्हणजे कार्ड होस्टकडून काढून व्हीएमला देणारा ड्रायव्हर. हे फक्त होस्टवरच होतं. तुम्हाला एखादं स्टोरेज कार्ड व्हीएमला द्यायचं आहे, म्हणून त्याचा आयडी ‘व्हीएफआयओ-पीसीआय.आयडीज’मध्ये लिहिला. पण तो आयडी कार्डाचा नाही, कार्डाच्या मॉडेलचा असतो. सर्व्हरमध्ये त्याच मॉडेलची दोन कार्डं असतील तर व्हीएफआयओ दोन्ही ताब्यात घेतो, ज्याच्यावर होस्टची रूट डिस्क आहे तेसुद्धा. मग इनिट-रॅमएफएसचा प्रॉम्प्ट येतो. तिथे ‘सिस-बस-पीसीआय-ड्रायव्हर्स-व्हीएफआयओ-पीसीआय’ या फोल्डरमध्ये बघा (‘व्हीएफआयओ-पीसीआय’मधली रेघ मात्र आडवीच). दोन पत्ते दिसले तर चोर सापडला. आयडी कमांड लाइनवर असेल तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून खोडा. मॉडप्रोबच्या फाईलमध्ये असेल तर खालची बचावाची पायरी लागेल. पुढे कार्ड आयडीने न बांधता पीसीआय पत्त्याने बांधा.

*आयओएमएमयू आपोआप चालू झालं.* एप्रिल २०२४मध्ये प्रॉक्समॉक्स ८.२ बरोबर ६.८ कर्नल आला आणि त्यात इंटेलचं आयओएमएमयू मुळातच चालू ठेवलेलं होतं. आधी ते हाताने चालू करावं लागायचं. काही जुन्या सर्व्हरवर, विशेषतः जुन्या रेड कार्डांबरोबर, त्यामुळे बूट अडकायला लागलं. पडद्यावर ‘डीएमएआर’ने सुरू होणाऱ्या फॉल्टच्या ओळी आणि मागोमाग डिस्क प्रतिसाद देत नसल्याच्या तक्रारी, असं दृश्य असतं. ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑफ’ जोडून बघा. उठला तर निदान झालं. व्हीएमला कार्ड द्यायचं असेल तर बंद ठेवून चालणार नाही, मग ‘आयओएमएमयू=पीटी’ आणि सर्व्हरचं बायोस, कार्डाचं फर्मवेअर ताजं करणं हा मार्ग. त्याच कर्नलने काही ठिकाणी नेटवर्क कार्डांची नावंही बदलली. होस्ट उठतो पण नेटवर्कवर दिसत नाही, आणि लोक त्याला क्रॅश समजतात. कन्सोलवर ‘आयपी लिंक’ चालवून नाव बघा.

*ह्यूज पेजेसनी रॅम खाल्ली.* १२८ जीबीच्या होस्टवर कोणीतरी व्हीएमसाठी ह्यूज पेजेस, म्हणजे रॅमची मोठी पानं, १ जीबीची ११६ कमांड लाइनवर राखून ठेवली. दोन वर्षं सगळं छान. मग रॅमची एक १६ जीबीची काडी बिघडली, बायोसने ती बंद केली आणि ११२ जीबी उरले. कर्नल बूटच्या सुरुवातीलाच मिळतील तेवढी पानं बाजूला काढतो आणि त्याच्या स्वतःसाठी काही उरत नाही. शेवटची ओळ असते ‘सिस्टम इज डेडलॉक्ड ऑन मेमरी’. पहिली ओळ खूप वर: मागितली एवढी, मिळाली एवढी. ह्यूज पेजेसचा पॅरामीटर खोडून बूट करा आणि नवी काडी मागवा.

*व्हीएमच होस्टला पाडतं.* लॉगिन प्रॉम्प्टनंतर पडणारा होस्ट. आपोआप सुरू होणाऱ्या एखाद्या व्हीएमला पीसीआय कार्ड दिलेलं असतं, आणि कार्डाच्या आयओएमएमयू गटात होस्टचं नेटवर्क किंवा डिस्क कंट्रोलरही असतो. व्हीएम सुरू झालं की आख्खा गट होस्टच्या हातून जातो. नवीन कार्ड बसवल्यावर पीसीआय पत्ते एकाने सरकले तरी हेच होतं. कालपर्यंत ज्या पत्त्यावर ग्राफिक्स कार्ड होतं तिथे आज डिस्क कंट्रोलर असतो. ग्रबमध्ये ‘सिस्टमडी.मास्क=पीव्हीई-गेस्ट्स.सर्व्हिस’ जोडा. होस्ट उठेल, एकही व्हीएम सुरू होणार नाही. मग संशयित व्हीएमचं ‘ऑनबूट’ (आपोआप सुरू होण्याची सेटिंग) शून्य करा आणि त्याचा पीसीआय पत्ता तपासा.

*हार्डवेअर.* ‘हार्डवेअर एरर’ आणि ‘मशीन चेक’ असे शब्द दिसले तर पॅरामीटरांचा खेळ थांबवा. दर वेळी वेगळ्या जागी कोसळणं हीही रॅमचीच खूण आहे. सॉफ्टवेअरचा दोष बहुतेक वेळा एकाच जागी पडतो. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवा. मायक्रोकोडचा संशय असेल तर ‘डिस_यूकोड_एलडीआर’ जोडून एकदा बूट करून बघा. मायक्रोकोडने मशीन रीबूट होणं ही कल्पना नाही. स्पेक्टर या सीपीयूमधल्या सुरक्षा-दोषाच्या वेळी, २२ जानेवारी २०१८ला, खुद्द इंटेलने आधी दिलेला मायक्रोकोड बसवणं थांबवा असं सांगितलं होतं. पण तपासणी झाली की हा पॅरामीटर काढा, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच वाटेने येतात.

पायरी ६: बाहेरून आत शिरणं

कोणताच कर्नल उठत नसेल तर प्रॉक्समॉक्सच्या इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून बूट करा. त्यात बचावाचा आणि डीबगचा असे दोन पर्याय असतात, डीबगमध्ये टर्मिनल मिळतं. इन्स्टॉलची बटणं दाबू नका.

एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) असेल तर ‘व्हीजीचेंज -एवाय’ चालवून ‘पीव्हीई-रूट’ हे व्हॉल्यूम ‘एमएनटी’वर माउंट करा. झेडएफएस असेल तर ‘झेडपूल इम्पोर्ट -एफ -आर’ (‘आर’ मोठा), पुढे ‘एमएनटी’चा पत्ता आणि ‘आरपूल’. मग ‘देव’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ हे चार फोल्डर बाइंड माउंट करून ‘सीएचरूट’. इथून पुढे तुम्ही तुमच्या होस्टच्या आत आहात. चुकीची मॉडप्रोब फाईल बाजूला काढा, जागा रिकामी करा, अडलेलं पॅकेज पूर्ण करा, आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवा. ज्या कर्नलची फाईल मुळात नाहीच, तिथे ‘-यू’ चालत नाही, ‘-सी’ लागतं. शेवटी ‘प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश’. ग्रब साध्या पद्धतीने असेल तर ‘अपडेट-ग्रब’.

बाहेर पडताना सगळं अनमाउंट करा आणि झेडएफएस असेल तर ‘झेडपूल एक्स्पोर्ट आरपूल’ न विसरता. नाहीतर पुढच्या बूटला पूल म्हणतो की मला शेवटी दुसऱ्या मशीनने वापरलं होतं, आणि आत यायला नकार देतो. थकलेल्या माणसाला वाटतं दुरुस्ती फसली, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

पायरी ७: उठल्यावर लगेच

‘जर्नलसीटीएल’ला ‘-के -बी -१’ देऊन मागच्या बूटचे संदेश बघा. कर्नल डिस्कपर्यंत पोचायच्या आधी कोसळला असेल तर तिथे काही नसेल. मग ‘व्हार-लिब-सिस्टमडी-पीस्टोअर’ हा फोल्डर बघा. पुष्कळ सर्व्हरवर कर्नल मरतामरता शेवटचे संदेश फर्मवेअरच्या छोट्या साठ्यात ठेवून जातो, आणि पुढच्या यशस्वी बूटला सिस्टमडी ते उचलून तिथे ठेवतो. त्या दिवशीच कॉपी करून घ्या.

जो पॅरामीटर चालला तो कायम करताना योग्य फाईल धरा. ग्रब असेल तर ‘ईटीसी-डिफॉल्ट-ग्रब’. सिस्टमडी-बूट असेल, म्हणजे बहुधा यूईएफआयवर झेडएफएस रूट, तर ‘ईटीसी-कर्नल-सीएमडीलाइन’, आणि ती एकाच ओळीत. नवीन माणसं इथे हमखास फसतात: चुकीची फाईल बदलतात, आज्ञा यशस्वी झाल्याचं सांगते, बदल मात्र लागू होत नाही. रीबूटनंतर ‘प्रॉक-सीएमडीलाइन’ वाचा, तिथे दिसलं तरच ते खरं.

व्हीएम एकदम सगळी सुरू करू नका. आधी डीएनएस आणि डोमेन, मग डेटाबेस, मग बाकीची. दोन-दोन मिनिटांचं अंतर ठेवा आणि कन्सोल उघडा असू द्या.

कोसळण्याचं कारण मिळालं, होस्ट स्थिर वाटला, तरी एक काम राहतं. तपासासाठी जोडलेले पॅरामीटर कायमच्या फाईलमध्ये राहिले असतील तर काढा, पिन केलेला कर्नल, मास्क केलेली सेवा आणि शून्य केलेलं ‘ऑनबूट’ यांची यादी करा, आणि लोक घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी तुम्ही स्वतः समोर असताना होस्ट आणखी एकदा रीबूट करा.